तो हात कोणाचा

"हात नाही लावायचा, भाऊ."

माझे एक सहकारी हे कुठेही म्हणायचे. कॅमेऱ्याच्या भिंगाबद्दल, स्लाइडच्या डब्याबद्दल, दुकानात ढिगाने विकायला ठेवलेल्या शंखांबद्दलही. एकच वाक्य आयुष्यभर पुरवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत, शुगर लँड गावी आम्ही एकाच ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासायचो. ते नागपूरचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो. वर्षाची सगळी सुट्टी साठवून ते कॅरिबियन समुद्रात डायव्हिंगला जायचे. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल, आणि तो पाण्याखाली बदलता येत नाही. त्यामुळे एका माशासाठी वीस वीस मिनिटं तरंगत राहायचे. घरी आल्यावर प्रत्येक स्लाइडच्या पांढऱ्या चौकटीवर पेन्सिलने त्या जीवाचं नाव लिहायचे. पाकट, वाम, कासव. मराठी नाव सापडलं की दिवसभर खूश.

एकदा मलाही मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर घेऊन गेले. पाण्याच्या ओढीत माझा तोल गेला आणि मी प्रवाळाची फांदी धरली. ती मोडली. वर आल्यावर मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "दगड नाही तो. जीव आहे. बोटभर वाढायला वर्षं लागतात त्याला." छत्तिसावा फोटो त्यांनी ती फांदी धरलेल्या माझ्या हाताचा काढला होता.

हे सगळं एकदा आपल्या लोकांना दाखवायचं, ही त्यांची फार इच्छा. दोन वर्षं मागे लागल्यावर आमच्या मराठी मंडळाने अर्धा तास दिला, तोही जेवणानंतरचा. ते इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचा प्रोजेक्टर घेऊन आले.

मध्येच माझ्या हाताची स्लाइड आली. मी खुर्चीत आक्रसलो.

"हा हात कोणाचा ते सांगणार नाही," ते म्हणाले. "कोणाचाही असू शकतो. पण याला हात नाही लावायचा."

"म्हणजे हेही सोवळ्यातलंच म्हणा की," पुढच्या रांगेतून मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले. सगळा हॉल हसला.

ते हसले नाहीत. "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. ते तुमचं सोवळं. हे जिवंत आहे, म्हणून हात लावायचा नाही. दोन्ही एक नाही, भाऊ."

"अहो, जोक होता. लाइटली घ्या ना यार." सेक्रेटरींनी दिवे लावायला सांगितले. "टाइम होत आलाय, अंताक्षरी स्टार्ट करू या."

अर्ध्या स्लाइड राहिल्या होत्या. जोक म्हणे. ज्याच्या आजोबांना तहानलेलं ताटकळत ठेवलं, त्यालाच सोवळं ऐकवायचं आणि वर त्याला विनोद कळत नाही म्हणायचं. सात समुद्र ओलांडून आलो, पण हे मात्र सामानात जपून आणलं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पण सगळा राग सेक्रेटरींवर काढून मला मोकळं होता येत नाही. त्या हसणाऱ्यांत मीही होतो. ज्या माणसाने भर सभेत माझं नाव झाकलं, त्याच्यासाठी मी तोंड उघडलं नाही. प्रोजेक्टर तेवढा गाडीपर्यंत उचलून दिला.

ते पुन्हा मंडळात आले नाहीत. वर्षभरात नोकरी बदलून फ्लोरिडाला गेले. जाताना माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवून गेले. आत तीच स्लाइड होती. चौकटीवर नावाची जागा कोरी होती.

ती बरीच वर्षं तशीच राहिली. परवा मी पेन्सिल घेतली आणि तिथे माझं नाव लिहिलं.