उचगावातला जर्मन पेशंट

त्या रविवारी सकाळी शेजारच्या आक्का पिठाच्या हातानंच आमच्या घरात धावत आल्या... कारण माझा नवरा कॉटवर पडून मोठमोठ्यानं विव्हळत होता. तेही जर्मनमध्ये!

"अगं, काय झालं संदीपला? रिक्षा बोलवू काय?"

"काय न्हाय आक्का," संदीप पडल्या पडल्याच म्हणाला, "मी पेशंट हाय. हिची प्रॅक्टिस चाललीय."

आता हे जरा नीट सांगते. मी नर्स आहे. कोल्हापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत लग्नाआधीपासून काम करते. संदीपचं उचगावात टू-व्हीलरचं गॅरेज आहे, आणि आमची ओवी चौथीत शिकते.

जर्मनीत नर्सेस हव्या आहेत हे कळलं, तेव्हापासून डोक्यात एकच... जायचं. घरात काही अडचण होती म्हणून नव्हे. नर्सिंगला होते तेव्हापासूनच दुसऱ्या देशात जाऊन काम करून बघायची इच्छा होती, आणि चाळिशी जवळ आली तरी ती काही गेली नाही.

आधी भाषेची परीक्षा, मग आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता, हॉस्पिटलचं काँट्रॅक्ट, आणि मग व्हिसा. मी पुढे जाणार, घर आणि नोकरीचं बस्तान बसलं की ओवी आणि संदीप येणार... असं आमचं ठरलं होतं.

सुरुवातीला एका एजंटाकडे गेलो होतो. "मॅडम, भाषेचं टेन्शन घेऊ नका, सर्टिफिकेट आपण मॅनेज करू," म्हणाला. मी पर्स उचलली आणि सरळ बाहेर आले. उद्या तिथला पेशंट म्हणाला छातीत दुखतंय, आणि मला ते कळलंच नाही तर?

मग ड्युटी सांभाळून क्लास लावला. वर्गातली बाकीची मुलं माझ्या निम्म्या वयाची... मला ताई म्हणायची आणि माझ्याआधी उत्तरं द्यायची. पुण्याला जाऊन परीक्षा दिली. वाचणं, लिहिणं, ऐकणं, सगळ्यात पास. बोलण्यात मात्र नापास.

घोळ काय व्हायचा, तर समोर परीक्षक दिसले की मी वाक्य आधी मराठीत जुळवायचे, मग त्याचं जर्मन करायचे, मग व्याकरण तपासायचे... तोवर समोरचा माणूस पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा.

संदीपचे चुलते घरी आले होते. "झाली न्हवं हौस? आता पोरीकडं बघ," म्हणाले. मी काही बोलायच्या आधी संदीपच म्हणाला, "तात्या, ती परत बसणार हाय." मला विचारलंसुद्धा नव्हतं त्यानं! पण माझ्याही मनात तेच होतं.

आणि मग गॅरेजवरून आला, हातपाय धुतले, की तो पेशंट व्हायचा. मी त्याला चार-पाच वाक्यं शिकवली होती. "मिर इस्ट श्विंडेलिश", म्हणजे मला चक्कर येतेय, हे तो असं दणक्यात म्हणायचा की चक्कर आलेल्या माणसाला एवढा आवाज कुठून येतो, असं वाटावं. मी जर्मनमध्ये विचारपूस करायची, तो कळो न कळो, मान डोलवायचा.

...तर त्या रविवारी आक्का आल्या त्या परत गेल्याच नाहीत. हात धुऊन खुर्चीत बसल्या. "मग मी पण येतो की पेशंट व्हायला. माझं गुडघं खरंच दुखत्यात." त्या मराठीत बोलायच्या, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आम्ही तिघं पोट धरून हसत होतो.

हसता हसता आक्का एकदम थांबल्या.

"एक विचारू? ओवीला हितं ठेवून तू तिकडं जाणार... तुला झोप लागंल काय गं?"

ओवी बाहेर खेळत होती, तिचा आवाज आत येत होता.

संदीप कॉटवर उठून बसला. "हे पण जर्मनमध्येच सांग," म्हणाला. हळूच.

मी सांगायला लागले. की नाही लागणार झोप. की तिची वेणी कोण घालणार, ताप आला तर ती कुणाला हाक मारणार, हे रोज मनात येतं. की तरीही मला जायचंय, आणि माझ्या मुलीनं आपल्या आईला जाताना बघावं, असंही मला वाटतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी बोलतच होते... व्याकरणाचा विचारही मनात आला नाही. किती चुका केल्या देव जाणे. पण वाक्यं थेट जर्मनमध्ये येत होती, पहिल्यांदाच.

थांबले तेव्हा आक्का पदरानं डोळे पुसत होत्या. "एक अक्षर कळलं न्हाय बग मला," म्हणाल्या. "पर आता तुला कोण नापास करतंय ते मी बघतो."

गेल्या महिन्यात परत पुण्याला जाऊन आले. या वेळी परीक्षकांशी बोलले, म्हणजे खरंच बोलले. अडखळले, तर अडखळल्याचं सांगितलं आणि पुढे गेले.

काल निकाल आला. पास!

अजून बरंच बाकी आहे. शिक्षणाची मान्यता, काँट्रॅक्ट, व्हिसाची मुलाखत... कुठेही गाडी अडू शकते, माहितीये. तात्यांचा राग अजून आहे. ओवीनं विचारलं, "मग मला कधी नेणार?" मी तिला खोटी तारीख दिली नाही. "माहीत नाही, पण नेणार," एवढंच म्हटलं.

आक्का, संदीप... तुमचे आभार कुठल्या भाषेत मानू? मी जाणार आहे. एअरपोर्टवर रडणार, तिथे पोचल्यावरही रडणार... आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर होणार.