पाणी हितवर येतंय

तो कुणाला नमस्कार करत नसे. जवळ यायचा, तळहात आडवा धरायचा आणि समोरच्याच्या अंगावर टेकवायचा. कुणाच्या कमरेवर, कुणाच्या छातीवर. "हितवर येतंय बघ." म्हणजे तू उभा आहेस तिथं तळ्याचं पाणी एवढं चढतं.

तळ्याची राखण त्याच्याकडं होती. सगळे त्याला अप्पा म्हणत. तळं भरलं की जादा पाणी सांडव्यावरून एका रुंद खोलगट पट्टीतून वाहायचं. त्या पट्टीतल्या बाभळीला तो दर पावसाळ्यात, पाणी जिथवर चढलं तिथं एक फडकं बांधायचा. जुनी फडकी सोडत नसे. वर्षानुवर्षांची चिरगुटं एकाखाली एक.

पोलीस ॲक्शननंतर खेडी सोडून माणसं गावात आली ती परत गेली नाहीत. तालुक्याचं गाव, जागा कुठून आणणार? बलदियानं, म्हणजे नगरपालिकेनं, त्या पट्टीतच प्लॉट पाडले. मी बलदियाच्या कचेरीत नोकरीला, नकाशा माझ्या टेबलावर होता. आमच्या घराण्यात शाळेच्या पुढं गेलेला मी पहिला, बी. ए. झालेला, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. अप्पा तर मुद्दाम विचारायचा, "बी. ए. सायेब, पवायला येतंय का?" अख्खी कचेरी हसायची.

प्लॉट बघायला येणारे बाभळीपाशी थांबत. अप्पा त्यांच्या अंगावर हात टेकवून फडकी दाखवी. निम्मे तिथूनच परत फिरत. बलदियाचे अध्यक्ष चिडले. बाभूळ तोडायचा हुकूम मीच लिहिला, आणि तोडताना उभाही राहिलो.

अप्पानं खाली पडलेली चिरगुटं गोळा केली. "आता कुठं बांधू सायेब?"

"आपल्या डोक्याला बांधा," मी म्हणालो. लोक पोट धरून हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याची एकुलती लेक हळ्ळीखेडला दिलेली. जावयानं अर्ज टाकला आणि त्याच पट्टीत त्याला प्लॉट मिळाला. मातीच्या भिंती उठल्या. अप्पा रोज जाऊन लेकीच्या गळ्यावर तळहात टेकवायचा आणि घर सोड म्हणायचा. एकदा मी मोजणीला गेलो होतो, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "अप्पा, तोंड आवरा. शेजारी हसायलेत मला."

"कामून हसायलेत? त्येंच्या बी गळ्यापतूरच हाय की."

तिनं माझ्याकडं बघितलं. साहेब, तुम्ही सांगा. मी म्हणालो, काही होत नाही, खुशाल राहा. तिचा माझ्यावर विश्वास बसला. मी शिकलेला होतो.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात तळं भरदुपारी सांडलं. पट्टी घरांनी बुजलेली, पाण्याला वाट नाही, ते गल्ल्यांतून उंच चढत गेलं. अप्पा छातीभर पाण्यात लेकीला हाका मारत घुसला. त्याला चौघांनी ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ती पडलेल्या भिंतीखाली सापडली.

चौकशीला मोठे साहेब आले. पाणी किती होतं, त्यांनी विचारलं. अप्पानं हात डोक्याच्या वर धरला. डोक्याला लेकीच्या हिरव्या लुगड्याचा फाडलेला काठ बांधला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "सायबानंच सांगितलंय, हितं बांध म्हनून."

मोठ्या साहेबांना काही कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

मग रोज तो तसाच, तो काठ डोक्याला गुंडाळून तिच्या पडक्या घराच्या जागी ताठ उभा राहायचा. पोरं खडे मारायची. उन्हाळ्याच्या तोंडाला दिसेनासा झाला. कुणी म्हणालं, गाणगापुरात भीक मागतो. मी चौकशी केली नाही.

त्याच उन्हाळ्यात ते प्लॉट पुन्हा वाटले. बायकापोरांना घेऊन आलेला एक शेतकरी तिच्या जागेवर उभा राहून मला विचारू लागला, साहेब, हितं पाणी येतं म्हणतात, किती येतं?

मी वाकलो, तळहात आडवा धरला आणि त्याच्या घोट्यावर टेकवला.

"हितवर," म्हणालो.