रिकामं होल्स्टर

इथले गूढ अनुभव मी रोज वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर हसतोसुद्धा. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली. कुठं दिवा आपोआप लागला म्हटलं की आधी वायरिंग बघायचं, ही सवय. शिवाय आमच्या घरात देवदेवस्की, अंगात येणं असलं कधी नव्हतंच. आधी तपासा, मग माना, असं वडील म्हणायचे. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय... पण लिहितो.

मी लातूरला राहतो, औसा रोडच्या अलीकडं, दोन खोल्यांच्या घरात. बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी फोन करते. मला एकच नाद — टोपीवर बार उडणारी जुनी फौजी रिव्हॉल्व्हर आणि त्यांची होल्स्टर, म्हणजे कातडी म्यानं, गोळा करण्याचा. ही काडतुसं येण्याआधीची हत्यारं. पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की बार. माझ्याकडची सगळी निकामी केलेली, कागदपत्रं रीतसर. पण माझा जीव होल्स्टरमध्ये जास्त. लोखंड टिकतं, कातडं टिकत नाही. आणि जे आत राहिलं त्याचा आकार कातडं धरून ठेवतं.

हे होल्स्टर औशाच्या एका भंगारवाल्याकडं मिळालं. घोडेस्वाराचं, वरून झाकण, पुढं पितळी बटण. कातडं वाळून पापड झालेलं. आत काही नव्हतं. घरी आणून काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. किल्ली खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आलो तर झाकण उघडं! वाटलं, वाळलेलं कातडं आहे, ताणानं सुटलं असेल. बंद केलं. पुढच्या सकाळी पुन्हा उघडं. त्या बटणाचं भोक इतकं घट्ट होतं की मला अंगठा रेटावा लागायचा. पुढं पुढं तर रोजच. आणि मग ते कातडं मऊ पडायला लागलं. कपाट उघडलं की एरंडेलाचा वास. आमच्याकडं पूर्वी मोटेच्या कातड्याला एरंडेल लावायचे, तसा. माझ्या घरात एरंडेलाचा थेंब नव्हता. मी सगळ्याला मेण लावतो.

तपास केलाच. कुलूप बदललं. कामाला बाई नाही, जेवणाचा डबा दारातच येतो. शेवटी मोबाइल लावून ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये झाकण पूर्ण वेळ बंद दिसतं. मग दार वाजतं, मी आत येतो, काचेसमोर उभा राहतो, होल्स्टर माझ्या पाठीआड जातं. मी बाजूला होतो... आणि झाकण उघडं. मी मात्र शपथेवर सांगेन, आलो तेव्हाच ते उघडं होतं.

थोरली बहीण नांदेडहून आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. खोलीत पाय टाकल्याबरोबर म्हणाली, "एरंडेल कशाला आणलंस रे?"

मग सगळं सांगितलं. सकाळी आम्ही दोघं मिळून फिरायला गेलो. परत आलो तर झाकण उघडं. अक्का बघतच राहिली.

"देऊन टाक ही पिडा कुनाला तरी."

"नको."

"भ्या वाटंना का तुला?"

"न्हाई, अक्का." मी झाकण बंद केलं. "घरी आल्यावर काहीतरी झालेलं दिसतं. मी नसताना कुणीतरी एक काम केलेलं असतं. बरं वाटतं."

अक्का उठली. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

जाताना एवढंच म्हणाली, "ते रिकामं हाय म्हणून उघडत असंल. त्याचं त्याला मिळू दे."

माझं मन होईना. तरी संग्राहकांच्या मोबाइल ग्रुपवर होल्स्टरचा फोटो टाकला. त्यात एक खूण होती — आतल्या बाजूला, कुठल्यातरी वर आलेल्या स्क्रूनं पाडलेली खोल चरी. मुखेडहून माधवराव नावाच्या गृहस्थांचा फोन आला. "माझ्याकडं एक टोपीचं हाय. त्याचा स्क्रू तसाच बाहीर आलाय. या घिऊन."

एसटीनं मुखेडला गेलो, होल्स्टर पिशवीत. माधवराव माझ्याच वयाचे, तेही एकटेच. त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. मी ते बराच वेळ नुसतं धरून बसलो.

"घाला की आत," ते म्हणाले. "बसतंय का बघू."

तेवढ्यात मला वाटलं, बसू नये.

घातलं. स्क्रू चरीत सरकत गेला आणि हत्यार तळाला टेकलं. जराही हललं नाही. झाकण ओढलं तर बटण स्वतःहून बसल्यासारखं टक् वाजलं. माधवरावांचे डोळे भरून आले. "न्या दोन्ही. तोडू नका आता. माझ्या मागं पोरगं भंगारात घालंल."

दुसऱ्या सकाळी फिरून आलो. झाकण बंद. त्यानंतर ते कधीच उघडलं नाही. एरंडेलाचा वास आठवडाभर रेंगाळला, मग तोही गेला. एकदा मी रिव्हॉल्व्हर काढून दुसऱ्या कप्प्यात ठेवलं, होल्स्टर मोकळं केलं आणि मुद्दाम लांब फिरून आलो. झाकण बंदच. मला स्वतःचीच लाज वाटली. जोड पुन्हा जिथल्या तिथं ठेवली.

अक्काचा फोन आला. "अजून होतंय का रे?"

"न्हाई."

"बरं झालं बाबा. सुटलास."

"हाव," म्हणालो.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. वायरिंगसारखं उकलून बघता आलं असतं तर बघितलं असतं. कुणाकडं उत्तर असेल तर जरूर लिहा. एवढं मात्र खरं की त्या दिवसांत फिरून परतताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची. आता परतताना कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात बसतो. मालक पेपर देतो, तो सगळा वाचतो, जाहिरातींसकट. ऊन चढलं, त्यानं शटर अर्धं ओढलं, की मग उठतो.