आप्पांची निळी बादली

आप्पा आमच्या घरात आले की आधी माशांकडं बघायचेच नाहीत. चपला दाराबाहेर काढायच्या, काचेच्या टाकीपाशी यायचं, उजव्या हाताचं एक बोट पाण्यात बुडवायचं आणि ते डोळे मिटून नाकाशी धरायचं. मासा बिचारा उलटा पडलेला असो की गोल गोल फिरत असो, आप्पा आपले वास घेतायत. मग बोट पँटला पुसून म्हणायचे, "हं. कारण काढू."

"कारण काढू" हे त्यांचं पालुपद होतं. गल्लीत कुणाची मोटार पाणी ओढेनाशी झाली, कुणाचं पोर शाळेत जायच्या नावानं रडायला लागलं, तरी आप्पांचं उत्तर तेच. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमची गल्ली जरा कमनशिबी आहे, एवढंच म्हणते.

त्यांची सगळी नोकरी दौंडला गेली, रेल्वेच्या पाणीपुरवठ्यावर. पंप, टाक्या, व्हॉल्व्ह आणि पाण्यात टाकायची पावडर, यातच माणूस म्हातारा झाला. निवृत्त झाल्यावर ते शिरूरला मुलाकडं राहायला आले, आमच्यापासून तिसऱ्या घरात. हाताला काम नाही म्हणून त्यांनी मासे पाळले, आणि त्यांचं बघून गल्लीत आणखी चार घरांत टाक्या आल्या. मासा आजारी पडला की आप्पांना बोलावणं जायचं. ते बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन यायचे. त्यात थर्मामीटर, भिंग, तपासणीच्या औषधांच्या बाटल्या आणि एक वही. कुणी कौतुकानं माशांचे डॉक्टर म्हटलं तर त्यांना राग यायचा. "मी माशाला न्हाई तपासत, पाण्याला तपासतो," म्हणायचे.

आणखी एका गोष्टीवर ते चिडायचे. आपल्याकडं टाकीतला मासा मेला की शेजारणी हटकून म्हणतात, बरं झालं बाई, घरावरचं संकट घेऊन गेला. हे कानावर पडलं की आप्पांच्या कपाळाची शीर उठायची. मासा कुणाचं संकट घेत नाही, आपणच त्याला संकटात घातलेलं असतं, असं ते समोरच्या बाईचं वय, मान, नातं काही न बघता सुनवायचे. मला त्यांचं हे फार आवडायचं. पुढं शेजारणींच्या त्याच वाक्यानं माझ्या घराची झोप उडवली.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं होतं. आत्या दोन दिवस चालल्या, तिसऱ्या दिवशी दुखलं, आणि त्यांनी वॉकर खाटेमागं ठेवायला लावला. पुढं तीन महिने त्या आणि ती खाट. निदान करमणूक तरी होईल म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांच्या समोर दोन फुटांची टाकी आणून मांडली. सात मॉली जातीचे मासे, थोड्या बारक्या गोगलगायी आणि दोन पाणवनस्पती. आत्या माहेरच्या वडगाव रासाईच्या, भीमेच्या काठच्या. टीव्हीकडं ढुंकून न बघणारी बाई दिवसभर मासे बघायला लागली. त्यातल्या काळ्याकुट्ट मासोळीचं नाव त्यांनी काळी ठेवलं, आणि दुपारी मी शाळेतून आले की काळीनं आज काय काय केलं ते मला ऐकवायच्या.

एका रविवारी मी हौसेनं टाकी घासून काढली आणि नळाचं ताजं पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत दोन मासे मेले. शेजारच्या काकू आल्या आणि बोलल्याच ते संकटाचं वाक्य. काकू गेल्यावर आत्या मला अगदी सहज म्हणाल्या, "दोन गेले. पाच हायेत तवर मी हाय. शेवटचा गेला की माझा नंबर." त्या दिवशी त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली.

मी पाबळकडच्या एका शाळेत गणित शिकवते. असलं गणित मला सहन होत नाही. मी तणतणत आप्पांच्या घरी गेले.

आप्पा आले, वास घेतला, बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. कारण सापडलं होतं. नदीला गढूळ पाणी आलं की नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त असतो आणि तो असायलाच पाहिजे, पण माशाला तो सोसत नाही. पाणी एक दिवस उघडं ठेवा, मग घाला, आणि एका वेळी चौथा हिस्साच बदला, असं त्यांनी मला बजावलं. मी वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं सगळं पाळलं.

चौथ्या दिवशी तिसरा मासा मेला.

मग आप्पा रोज यायला लागले. क्लोरीन तपासला, नव्हता. घाण तपासली, नव्हती. अंगावर पांढरे ठिपके आहेत का म्हणून भिंग लावून अर्धा अर्धा तास बसले. फिल्टरचा स्पंज पिळून बघितला. सगळं ठीक, आणि मासे मरतायत. पंख मिटलेले, तोंड वर करून धापा टाकायचे आणि जायचे. वहीत रोज एक पान भरत होतं. आत्या खाटेवरून म्हणायच्या, "कशाला दमताय आप्पा? ठरलेलं हाय ते." आप्पा टाकीकडंच तोंड करून म्हणाले, "ठरलेलं आसंल तर कुणी ठरवलं त्ये बघू की अक्का."

सहावा मासा गेला तेव्हा माझा तोल सुटला. तुमच्यानं होत नसेल तर तसं सांगा, उगाच म्हाताऱ्या माणसाला आशा लावू नका, असं मी त्यांना दारातच बोलले. आजही आठवलं की माझी मला लाज वाटते. आप्पांनी डबा बंद केला. "मी कुठंतरी चुकतोय बाई," म्हणाले. "कुठं ते कळंना झालंय. पर कळंल." आणि दुसऱ्या दिवशी, मी न बोलावता, ठरल्या वेळेला दारात हजर.

आता एकटी काळी उरली होती. आत्यांनी गोळ्या घेणं बंद केलं होतं. वडगावच्या बहिणीला एकदा भेटून जा म्हणून निरोप धाडला होता आणि कपाटातलं जरीकाठी लुगडं मला बाहेर काढून ठेवायला लावलं होतं. कशासाठी, ते मी विचारलं नाही. माझा नवरा कंपनीतून आला की त्या लुगड्याकडं बघायचा आणि तोंड धुवायला निघून जायचा.

त्या दिवशी आप्पा बोट बुडवायला वाकले आणि तसेच थांबले. टाकीच्या तळाकडं बघत त्यांनी विचारलं, गोगलगायी कुठायत? मी म्हटलं, त्या तर केव्हाच मेल्या, तिसऱ्या माशाच्याही आधी, त्यांचं काय एवढं. आप्पांनी डबा खाली ठेवला.

"मला सांगू नका. करून दाखवा," ते म्हणाले. "रोज पाणी घालता तसं. कायबी बदलू नका." पंपावर नवा माणूस आला की ते त्याची नोंदवही बघायचे नाहीत, त्याचे हात बघायचे, हे ते नेहमी सांगायचे.

मी स्वयंपाकघरात गेले आणि कालपासून भरून ठेवलेलं पाणी घेऊन आले. तांब्याच्या हंड्यातून. चिंच आणि मीठ लावून रोज घासलेला, चकचकीत, आरशासारखा हंडा.

आप्पा मटकन खुर्चीवर बसले.

पाणी एक दिवस ठेवायचं म्हटल्यावर आत्याच म्हणाल्या होत्या, आपण माणसं तांब्यातलं पाणी पितो, मग त्या मुक्या जिवांना प्लास्टिकातलं का? मलाही पटलं होतं. आपल्याकडं कुणाला पटणार नाही? आप्पांनी मला हळू आवाजात सांगितलं. माणसाला चालणारं तांबं पाण्यातल्या जिवाला विष असतं. गोगलगाय सगळ्यात आधी जाते, मग मासा. त्यात रोजची चिंच, म्हणजे तांबं आणखीनच उतरणार. बाटलीतल्या थेंबांना ते दिसत नाही, म्हणून वहीची भरलेली बारा पानं फुकट गेली. पहिले दोन क्लोरीननं गेले होते. पुढचे चार आम्ही प्रेमानं मारले होते.

मी आप्पांना ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि हात जोडले. म्हटलं, आत्यांना हे सांगू नका. त्यांच्याच सांगण्यानं झालं हे कळलं तर त्या आजच जीव सोडतील. आप्पांनी माझे जोडलेले हात खाली केले.

"न्हाई सांगितलं तर त्या मरणाची वाट बघत बसत्याल," ते म्हणाले. "कारण कळलं तर निदान वाट तरी बघणार न्हाईत."

ते बाहेर गेले, खाटेजवळ खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. आधी स्वतःचं सांगितलं: "अक्का, पाणी ठिवा म्हणलो, कशात ठिवता ते विचारलं न्हाई. दौंडला सगळ्या लोखंडाच्या टाक्या, माझ्या डोक्यातच आलं न्हाई. पैली चूक माझी." मग हंड्याचं सांगितलं.

आत्या हंड्याकडं बघत बसल्या. मी दाराला धरून उभी होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं.

"म्हंजी माझ्या नंबराचा काय संबंध न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या.

"कायबी न्हाई."

"मग काळीचं आता काय करायचं?"

तीन महिन्यांत आत्यांनी पहिल्यांदाच पुढचं काही विचारलं होतं. मी तिथंच खाली बसले आणि रडले, लपवलं नाही.

आप्पांनी घरून एक निळी प्लास्टिकची बादली आणली. तिच्या आत टाकीच्या चौथ्या हिश्श्याची एक रेघ मारली, बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फक्त मासे', आणि हिला साबण लागला तर मी पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही असा मला दम भरला. स्वतःच्या टाकीतलं निम्मं पाणी आणून काळीला दिलं. दुकानातून माशांच्या टाकीचा, पाण्यातलं तांबं ओढून घेणारा खास कोळसा आणून कापडात बांधून आत सोडला. रोज थोडं थोडं पाणी बदललं. चार दिवस काळी कोपऱ्यात तशीच पडून होती. पाचव्या दिवशी तिनं खाणं तोंडात घेतलं.

ते बघायला आत्या उठल्या. वॉकर मागून घेतला, शिव्या देत देत खाटेपासून टाकीपर्यंत आल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. जरीकाठी लुगडं मी मुकाट्यानं कपाटात ठेवलं. नर गेल्यावरही मॉलीला काही महिने पिल्लं होऊ शकतात, असं आप्पा म्हणाले होते. दीडेक महिन्यानं काळीला खरंच पिल्लं झाली, तेव्हा आत्या काठीवर आल्या होत्या. दोन पिल्लं त्यांनी स्वतः आप्पांच्या घरी पोहोचवली. तांब्याचा हंडा आमचं पाणी भरायला पुन्हा लागला. त्याची काही चूक नव्हती, असं आत्यांचं म्हणणं.

आप्पा गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्या दिवशी त्यांच्या अंगणात माणसं जमली होती आणि जो तो म्हणत होता, वेळ भरली होती, सुटले. आत्या काठी टेकत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि आप्पांच्या मुलाला त्यांनी विचारलं, "कारण काय निघालं?"

लोक बघायला लागले. मुलगा रडत रडत म्हणाला, हार्टचं निघालं, तीन दिवस छातीत जळजळत होतं. पित्त असंल म्हणून सोडा पीत होते. कुणाला बोलले नाहीत.

"माझ्या माशांसाठी बारा दिवस आला ह्यो माणूस," आत्या म्हणाल्या. "आन् स्वतःसाठी एक दिवस दवाखान्यात गेला न्हाई." त्यांचा आवाज फुटला. मामंजी गेले तेव्हाही मी त्यांना इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या खाटेवर बसल्या नाहीत. मला निळी बादली भरायला लावली, रेघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी ती उचलली तर त्यांनी हातानं थांबवलं, एक बोट पाण्यात बुडवलं आणि डोळे मिटून नाकाशी धरलं.

अजूनही रोज तसंच चालतं. त्यांना त्यातलं काही कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. पण त्या "हं" म्हणेपर्यंत मी टाकीत पाणी ओतत नाही.