मुशीच्या तेलातले बूट

४ फेब्रुवारी १९८३, शुक्रवार. वर्सोव्याच्या अनंताने अंधेरी स्टेशनसमोरच्या दुकानात एकशे एकोणीस रुपये पंचाण्णव पैसे मोजून काळे चामड्याचे बूट घेतले. आयुष्यातले पहिलेच. सोमवारी अंधेरीच्या एका सहकारी बँकेत त्याला शिपाई म्हणून रुजू व्हायचे होते. नेमणूकपत्रात स्पष्ट लिहिले होते: कपडे बँक देईल, काळे बूट स्वतःचे, पहिल्या दिवशी पूर्ण गणवेशात हजर नसल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावले जाईल.

सव्वीस वर्षे वाळूत आणि होडीत अनवाणी वावरलेले पाय. शनिवारी बूट घालून तो बंदरापर्यंत जेमतेम गेला नि लंगडत परतला. टाचेवर टपोरा फोड. दुकानदार म्हणाला होता, जाड मोजे घाला, टाचेशी मेणबत्ती घासा, रोज अर्धा तास घरातच वापरा, दहा दिवसांत चामडे पायाच्या वळणावर येईल. पण दहा दिवस होते कुणाकडे?

त्याची आई सखुबाई मासळीची पाटी उतरवून बसली होती. तिने बूट हातात घेऊन वाकवून पाहिला.

"आरं, मुशीचे तेलान होरीचा लाकूर वरीसभर पान्यान ऱ्हातं तरी फुटत नाय. ह्यो चामरा काय लोकंडाचा हाय? आन इकरं!"

मुशी माशाच्या काळजाचे ते तेल कोळीवाड्यात दरसाल होड्यांना चोपडतात. सखुबाईने रविवारी दोनदा बुटांना आतून-बाहेरून तेल चोळले. सोमवारी सकाळी चामडे केळीच्या सालीसारखे मऊ झाले होते. फोडावर पट्टी बांधून अनंता निघाला, तो बूट कुठे टोचला म्हणून नाही. बसमध्ये शेजारचा माणूस उठून मागे गेला. आयती खिडकी मिळाली म्हणून अनंता आणखीच खूश झाला.

बँकेत पंखे सुरू झाले आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे रुमाल नाकाला गेले.

"उंदीर मेलोसा दिसता," थोरला शिपाई काशीराम म्हणाला. तो मालवणकडचा. "झिला, कपाटाखाली बघ रे."

पहिला दिवस, अंगात उत्साह. अनंताने एकट्याने पाच लोखंडी कपाटे सरकवली. उंदीर काही सापडेना. मग तो जिना बघायला गेला.

"वास गेलो!" आतून काशीराम ओरडला. अनंता धावत परत आला. "मेलो परत इलो!"

कॅशियरने पेन खाली ठेवले. काशीराम अनंताच्या पायाशी वाकला आणि झटक्यात सरळ झाला.

"देवा रे! उंदीर तुझ्या पायात आसा, मेल्या!"

सगळी बँक हसली. पासबुक घेऊन उभी असलेली बाईसुद्धा. अनंताच्या कानांत नुसता दर्या घुमू लागला.

"मला वास येत नाय," तो म्हणाला. ते अगदी खरे होते. त्यावर लोक आणखी हसले.

शाखाधिकारी बाहेर आले. ते हसले नाहीत. "बूट गच्चीवर ठेव. पण अनवाणी इथे चालणार नाही. चार वाजता मी रुजू-अहवालावर सही करतो. गणवेश अपुरा दिसला तर माझा नाइलाज आहे."

बूट गच्चीवर ठेवून अनंता नुसत्या मोज्यांवर येऊन उभा राहिला. काशीरामने खाली बसून स्वतःचे बूट काढले.

"घाल. माका चपलेत बघून कोण काढतलो? रिटायर होवक दोन वर्सां रवली माझी."

"काका, नंबर?"

"सात."

अनंताचा पाय नऊचा. त्याने बोटे मुडपून पाय आत कोंबले. चार वाजता तो टेबलासमोर ताठ उभा होता. साहेबांनी खाली पाहिले, वर पाहिले आणि सही केली. मोरीत जाऊन त्याने बूट काढले तेव्हा दोन्ही मोजे टाचांना रक्ताने चिकटले होते.

संध्याकाळी घरी येऊन त्याने तेलाचा बूट आईपुढे धरला. "आये, वास घे."

सखुबाईने नाक लावून नीट हुंगले. "कसला वास? घरचाच तं हाय."

अनंताने बूट खाली ठेवला. त्याला बसमधला माणूस आठवला. मग शाळेतला बाक आठवला. तिथे तो नेहमी एकटाच बसायचा, आणि ऐसपैस जागा मिळते म्हणून त्याला बरे वाटायचे. आईने विचारले, साहेब काय म्हणाले? तो म्हणाला, "सही झाली." बाकीचे त्याने सांगितले नाही.

काशीरामने दुसऱ्या दिवशी ते तेलाचे बूट ओळखीच्या मोच्याकडे टाकले. बाहेरचे तेल धुऊन आतले चामडे नवे बसवायला अकरा रुपये पडले, ते काशीरामने भरले. पहिल्या पगारात अनंताने सात दिले. चार रुपये द्यायचे राहिले आहेत.