कळशीची मागची बाजू

लोकांच्या हातातले मोबाईल काढून घ्यावेत, असं मला हल्ली रोज सकाळी वाटतं. चहा घेत मी कॅटलॉग उघडतो आणि चहाची चवच जाते. हा कॅटलॉग जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. आम्ही पंचवीसेक हौशी लोकांनी मिळून तो इंटरनेटवर चालवलाय. ज्याच्याकडं जे भांडं असेल त्यानं त्याचे फोटो काढायचे, माप-वजन लिहायचं आणि वर चढवायचं. आलेले फोटो तपासायचं काम माझ्या गळ्यात, कारण चाळीस वर्षं मी कोल्हापुरात फोटो स्टुडिओ चालवला.

काय काय येतं म्हणून सांगू! एका महाभागानं तपेल्याचा फोटो पाठवला. खाली फुलाफुलांची चादर आणि कोपऱ्यात त्याच्या पायाचा अंगठा, नख वाढलेला. दुसऱ्यानं घंगाळात शेवंतीची फुलं तरंगवली. वजनाच्या रकान्यात लिहिलं, 'भरपूर'. तिसऱ्यानं हंडा असा लखलखीत घासला की हंड्याच्या पोटात स्वतःच उभा, बनियनवर, ढेरी सुटलेली, हातात मोबाईल. अहो, तुमची ढेरी बघून आम्ही काय करू? शिसारी येते, शिसारी! मी सगळं परत पाठवतो आणि मग ग्रुपवर माझ्या नावानं शिमगा होतो.

नियम तर शेंबडं पोर पाळेल इतके साधे आहेत. चारी बाजूंनी एकेक फोटो, वरून तोंडाचा, पालथं घालून बुडाचा. शेजारी पट्टी ठेवायची. भांडं घासायचं नाही, धूळ पुसायची तेवढी. आणि कुठं नाव असेल तर त्याचा जवळून फोटो. कारण पूर्वी लग्नात दिलेलं भांडं नाव घातल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. कासार टोकदार हत्यार ठोकून ठोकून ठिपक्यांची अक्षरं काढायचा. कुणी दिलं, कुणाला दिलं, सगळं त्या ठिपक्यांत असायचं.

हे सगळं मी एकदा आमच्या दहीवाल्या मावशींना समजावून सांगत बसलो होतो. त्या हातकणंगल्याकडच्या. सकाळच्या गाडीनं येतात आणि गल्लीत दही घालतात. वय साठीच्या पुढं. माझ्या पुढच्या खोलीत काळ्या कापडावर एक परात मांडलेली बघून त्या उंबऱ्यातच टेकल्या.

"फोटोवालं, ह्या समद्यांवरची नावं लिवून ठेवता व्हय तुमी?"

"व्हय की."

"मग माज्या आईचं हुडका की."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी डोईवरचा पदर सारखा केला आणि सांगायला लागल्या. आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या. आईचं नाव लग्नात बदललेलं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं नाव त्या दिवशी संपलं. रेशनकार्डावर सासरचं, उताऱ्यावर सासरचं. वडील तर 'अगं' म्हणूनच हाक मारायचे. आजोळी आता कुणी उरलं नाही, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं तर 'अमक्याची बायको', 'तमक्याची सून' याच्या पुढं कुणाला आठवत नाही. माहेरचं नाव फक्त एका जागी होतं. आईच्या मामानं दिलेल्या पितळी कळशीवर, गळ्याच्या खाली. ती कळशी वाटणीत चुलत्याकडं गेली आणि चुलत्यानं मोडीत घातली.

"आई पाणी आणून ठेवायची, आन् मी त्या ठिपक्यांवर बोट फिरवायची. तवा वाचता कुठं येत हुतं? नाव सांगितलं असंल की तिनं. पण सहा वर्साच्या पोरीच्या काय ध्येनात ऱ्हातंय?" मग म्हणाल्या, "लेकीला मुलगी झालीया. म्हैन्यानं बारसं हाय. माज्या आईचं माहेरचं नाव ठिवायचं म्हंतोय आमी. आन् मलाच ठावं न्हाई."

कळशीची काही खूण सांगा म्हटलं. बुडाला चतकोर भाकरीएवढा डाग दिलेला, म्हणजे फुटलेली जागा कथलानं सांधलेली, आणि काठाला विहिरीवर पडून आलेला पोचा. लहानपणी बघितलेली गोष्ट, पण दोन्ही खुणा त्यांनी हातानं करून दाखवल्या.

आठवडाभर मी कॅटलॉगमधल्या कळश्यांची फक्त बुडं बघत होतो. बायको म्हणाली, याड लागलंय तुम्हाला. आणि आठव्या दिवशी सापडली. कळंब्याच्या पुढं बंगला बांधून राहिलेल्या एका रिटायर्ड कॉन्ट्रॅक्टरच्या संग्रहात. त्या गृहस्थांनी नुकतेच मोबाईलवर काढून दोन फोटो टाकले होते, एक समोरून आणि एक बुडाचा. बुडाला चतकोर डाग, काठाला पोचा. कळशी मात्र आरशासारखी चकचकीत. दुसऱ्या दिवशी मावशींना फोटो दाखवला. त्या ओरडल्याच, "हीच वो! हीच माज्या आईची!"

समोरच्या फोटोत नाव दिसत नव्हतं. म्हटलं, पलीकडच्या अंगाला असेल. दह्याचं मडकं माझ्या बायकोकडं ठेवलं, त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि निघालो.

बंगल्यात काचेची कपाटं, आत दिवे. गृहस्थांनी हौसेनं कळशी काढून दिली. मावशींनी ती मांडीवर घेतली आणि गळ्याखालून बोट फिरवलं. एकदा सगळीकडून फिरवलं. मग दुसऱ्यांदा, सावकाश.

"गुळगुळीत हाय," त्या म्हणाल्या.

"असणारच!" गृहस्थ खुशीत. "आधी ग्राइंडर मारून घेतला, मग बफ. अहो, कुणाकुणाची नावं असतात त्यावर! आपल्या कलेक्शनमध्ये बाहेरच्यांची नावं कशाला? भंगारातनं आणल्यासारखं वाटतं."

"भंगारातनंच आणलंय की तुम्ही!" मी म्हणालो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कळशीच्या पलीकडच्या अंगाला त्यांनी मशीननं स्वतःचं आडनाव आणि नंबर कोरून घेतला होता. ते बघून मला अक्षरशः मळमळलं. "माणूस मेल्यावर लोक सुतक तरी पाळतात. तुम्ही पॉलिश मारलं! शिकलेली माणसं ना तुम्ही? ह्या बाईच्या आईचं नाव जगात एका जागी होतं, ते तुम्ही पुसलंत. आणि वर नाव स्वतःचं?"

आणखीही बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. गृहस्थ काही चिडले नाहीत. उलट म्हणाले, "ओरडताय कशाला, साहेब? बफ मारायच्या आधी ह्याच कळशीचा फोटो तुम्हीच काढून नेला होता की. पहिल्या फेरीत. त्यात बघा."

खरंच की! कॅटलॉग सुरू झाला तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, मी स्वतः येऊन त्यांच्या सगळ्या भांड्यांचे फोटो एका दिवसात काढले होते, पण इतक्या भांड्यांत ही कळशी माझ्या ध्यानातच राहिली नव्हती. माझा सगळा राग तिथंच उतरला. परत येताना मावशींनी मागून माझा खांदा धरला होता.

"असंल न्हवं त्यात?"

"असणारच. मी काढलाय."

घरी आल्यावर त्या जेवल्यासुद्धा नाहीत. कॉम्प्युटरच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. मी जुनी हार्ड डिस्क लावली आणि पाचएक मिनिटांत कळशी सापडली.

फोटो सुरेख होता. काळं कापड, डावीकडून मऊ उजेड, पितळेचा जुना तपकिरी रंग, काठाचा पोचासुद्धा हळूच सावलीत. फोटो एकच होता.

मला सगळं आठवलं. चारी बाजूंनी काढा, हा नियम ग्रुपमधल्यांनी तेव्हाही पाठवला होता, आणि मी हसलो होतो. चाळीस वर्षं ज्यानं फोटो काढले त्याला हे काल आलेले शिकवणार! स्टुडिओत मी हेच तर करत आलो होतो. देवीचे व्रण असलेला गाल पलीकडं फिरवायचा, तिरळा डोळा उजेडातून काढायचा, चामखीळ ब्रशनं पुसायची. लोक खूश व्हायचे. त्या दिवशी कळशीच्या गळ्यावरचे ठिपके मळानं काळे झाले होते, उजेड तिथं तुटत होता. मी कळशी दोन्ही हातांनी धरली आणि नावाची बाजू पाठीमागं फिरवली. काय नाव आहे ते वाचलंसुद्धा नाही. नंतर बाकीच्या बाजू पाठवा म्हणून निरोपही आले होते. जाऊ की पुन्हा कधीतरी, म्हणून मी ते सोडून दिलं, आणि तो एकटा फोटो कॅटलॉगवर चढलाच नाही.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! रोज सकाळी लोकांच्या अंगठ्यांना आणि ढेऱ्यांना नाकं मुरडणारा मी. त्या कॉन्ट्रॅक्टरनं नाव पुसलं, पण पुसायच्या आधी ते टिपून ठेवायची संधी फक्त मला मिळाली होती. मला माझीच किळस आली. अजून येते.

डाव्या कडेला, जिथं कळशीची गोलाई वळते, तिथं काहीतरी होतं. मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. ठिपके फुटायला लागले, पण शेवटची दोन अक्षरं लागली.

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं. अक्षरं त्यांना आता वाचता येतात, पण चष्मा आणला नव्हता.

"बाई."

"आन् त्येच्या आदी?"

"त्याच्या आधीचं मागच्या बाजूला गेलंय."

"बाई व्हय," मावशी म्हणाल्या. "तेवढं तर समद्याच असत्यात." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि कडेपर्यंत नेलं. तिथं ते थांबलं.

"मागं कुणी फिरवली?"

खोटं बोलता आलं असतं. भांडं गोलच असतं, कुठली तरी बाजू मागं जाणारच.

"मी."

"का?"

"फोटो चांगला यावा म्हणून."

त्यांनी डोळे बारीक करून पुन्हा एकदा कळशीकडं बघितलं, अगदी निरखून. मग उठल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"आलाय की चांगला," त्या म्हणाल्या.