फरशीवरचं पाणी

लोटन नानांचं नाव आधी सांगतो. ज्यानं मला उभं केलं त्याचं नाव आधी घ्यावं, म्हणून. आणि पुढे जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणूनही — बायकोला नाही, नानांना तर नाहीच. आधी नाव घेतलं की मागे फिरता येणार नाही, असं वाटतं. बघू.

मी मूळचा चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटली — सुटली म्हणजे मीच सोडली — आणि मिळेल ते काम करत खानदेशात आलो. चोपड्याकडच्या एका जिनिंगमध्ये हमाली करताना कावीळ झाली. मुकादमानं माझी वळकटी फाटकाबाहेर काढून ठेवली आणि मी तिच्यावर बसून राहिलो. नाना कापूस खाली करून परत निघाले होते. त्यांनी ना गाव विचारलं, ना जात. वळकटी ट्रॉलीत टाकली, मलाही टाकलं. घरी अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, माझ्यासाठी बिनतेलाचं वेगळं रांधलं. आणि तेही अशा घरात, जिथे भाजीवर बोटभर तर्री नसली तर माणसं ताटावरून उठतात.

बरा झालो तर नाना म्हणाले, आता कुठे जातोस, ट्रॅक्टर शिक. पारावरची माणसं हसली. "नाना, परगावना पोऱ्याले ट्रॅक्टर दी ऱ्हायनात! उद्या चंद्रपूरले जाशात का शोधाले?" नानाही हसले, आणि चावी माझ्याकडे फेकली.

अशा माणसाच्या बाबतीत मी — पण थांबा. आधी नदी सांगायला हवी.

आमचं गाव अलीकडे, पाडा पलीकडे, मध्ये नदी. सातपुड्यातून उतरते. एरवी तिच्यात म्हशीची पाठ भिजत नाही. तिच्यावर पूल नाही, फरशी आहे. म्हणजे तळालगत बांधलेला सिमेंटचा बुटका रस्ता. पाणी वाढलं की बुडतो, ओसरलं की पुन्हा दिसतो. आणि आमच्याकडे एक रीत आहे. पुरात गाडी घालायच्या आधी एक जण पुढे जाऊन फरशी बघून येतो. तो येऊन सांगेल ते शेवटचं. त्याच्यामागून दुसरा कुणी बघायला जात नाही. गेला, तर पहिल्याला खोटं ठरवल्यासारखं होतं.

त्या वर्षी डोंगरात रात्रभर पाऊस झाला आणि पाड्याची खालची घरं नदीनं नेली. माणसं वाचली, टेकाडावरच्या शाळेत जाऊन बसली. पाड्यावरचे गुमानभाऊ नानांचे जुने स्नेही. त्यांचा फोन आला की धान्य भिजलंय, चूल पेटवायला कोरडी काडी नाही, आणि मुलगी बाळंतीण आहे. नाना म्हणाले, दुपारच्या आत भाकरी पोचवतो. आणि मग आमचं गाव कसं हललं, काय सांगू! मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून हाक दिली. घराघरातून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी निघाल्या, ठेचा, गोधड्या, ताडपत्र्या. ज्या दोन जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एका तव्यावर भाकरी भाजत होत्या. शेजारच्या गावांचेही ट्रॅक्टर तयार झाले. सगळे एकाच गोष्टीसाठी थांबले — फरशी कशी आहे?

नाना मला म्हणाले, "मोटरसायकल काढ. देखी ये."

मी गेलो. हे मात्र खरं. गावाबाहेरच्या केळीच्या बागेपर्यंत गेलो. तिथे रस्ता वळतो आणि वळणापुढे नदी. मी गाडी बंद केली आणि तो आवाज ऐकला. त्या आवाजाचं वर्णन करून मी सुटू बघतोय का? बहुतेक. मला पोहता येतं. लहानपण बोडीत डुंबण्यात गेलं — आमच्याकडे तळ्याला बोडी म्हणतात. तेव्हा पाण्याची ओळख नव्हती, असंही नाही. एवढंच डोक्यात आलं की फरशी मोकळी असली तर ट्रॅक्टर मलाच घालावा लागेल.

मी वळण ओलांडलंच नाही. पाणी बघितलंच नाही. बागेच्या बांधावर थोडा वेळ उभा राहिलो — बघून यायला लागेल एवढा वेळ — आणि परत आलो. नाना देवळासमोर उभे होते. मी म्हणालो, छातीइतकं पाणी आहे.

झालं. कुणी दुसरा गेला नाही. रीतच तशी. नानांनी शेजारच्या गावांना फोन केले आणि सगळे ट्रॅक्टर तालुक्याच्या मंगल कार्यालयाकडे वळले. तिथेही पूरग्रस्त होते, पण तिथे आधीच एवढं जेवण आलं होतं की आमच्या भाकरी वाढायलाही कुणी पुढे आलं नाही. त्या दोघी जावांच्या भाकरी मी स्वतः तिथल्या कोपऱ्यात रचून ठेवल्या. तेव्हा मला काय वाटत होतं? आठवत नाही. भूक लागली होती, हे आठवतं. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी फरशी उघडी पडली आणि आम्ही पाड्यावर पोचलो. नाना ट्रॉलीतून उतरायच्या आत गुमानभाऊंनी विचारलं, "काय नाना, भाकरी रस्तामाच खाई टाक्यात का?"

पाड्यावरची माणसं आपसात पावरी बोलतात, आमच्याशी अहिराणी. हसत हसत मारलेला टोमणा होता, पण हसणं ओठांपुरतंच. त्यांची मुलगी वर्गाच्या भिंतीला टेकून बसली होती. आदल्या दिवशी तिच्या पोटात कच्च्या मक्याच्या दाण्यांशिवाय काही गेलं नव्हतं. अंगावरचं दूध आटलं होतं. बाळ रडायचंही थांबलं होतं. नुसतं तोंड हलवत होतं.

नाना म्हणाले, "फरशीवर पानी व्हतं, गुमान. मन्हा पोऱ्या देखी उना."

"सकायले गुडघालगुन पानी व्हतं. मन्ही म्हैस पार व्हयनी!"

तेवढ्यात एक म्हातारी मागून ओरडली, "कसानं गुडघालगुन! मन्ही बकरी वाही गई!" कुणी म्हणालं, बकरी रात्रीच वाहिली. कुणी म्हणालं, म्हैस दुपारी पार झाली, सकाळी नव्हे. अर्धे गुडघ्याच्या बाजूचे, अर्धे छातीच्या. मी ट्रॉलीवर ताडपत्रीची घडी छातीशी धरून उभा. आणि मग गुमानभाऊ माझ्याकडे वळले.

"तूच सांग भो. तू देखी उनास ना?"

मी तेव्हा बोलू शकलो असतो. भीती वाटली, गेलोच नाही — तीन-चार शब्द लागले असते. नाना माझ्याआधी म्हणाले, "मन्हा पोऱ्या खोटं बोलस नही." आणि मी म्हणालो, "छातीइतकं होतं."

गुमानभाऊंनी नानांपुढे हात जोडले. "मंग मन्हीच चूक शे, नाना."

मंगल कार्यालयात जेवलो तेव्हाचा मी मला कळतो. भित्रा होतो, इतकंच. पण त्या हात जोडण्यानंतरचा मी? तो मला अजून कळत नाही.

बाळ वाचलं. गुमानभाऊंची ती नात आता आश्रमशाळेत जाते. हे सांगितलं म्हणून माझं काही कमी होत नाही, मला माहीत आहे. तरी सांगितलं.

आणि गोंधळ असा की, पाणी किती होतं हे मला आजही माहीत नाही. ते खरंच छातीइतकं असेल, तर मी खरं बोललो का? न बघता बोललेलं खरं — त्याला काय म्हणतात? आणि गुडघ्याइतकं असेल, तर ती बाई माझ्यामुळे उपाशी राहिली. मी कित्येकदा आडून आडून विचारायचा प्रयत्न केला. पण विचारणार कसा? गावात त्या पाण्याचा एकमेव साक्षीदार मीच. अजूनही पुराचा विषय निघाला की पोरं मलाच विचारतात, आणि मी हात छातीशी नेऊन दाखवतो. हात आपोआप जातो.

पाड्यावर मात्र गोष्ट मिटली नाही. नानांसमोर कुणी बोलत नाही, पण एकदा बाजारात मी माझ्या कानांनी ऐकलं — लोटन नानांनी भाकरी तालुक्याला नेल्या, तिथे फोटो काढणारे होते म्हणून. नानांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही. मुलाच्या लग्नातही ते मांडवामागे जाऊन बसले होते. मी ते ऐकलं आणि भेंडी घेऊन घरी आलो.

आता सांगावं, तर नानांनी सगळ्यांसमोर दिलेला शब्द खोटा पडतो. न सांगावं, तर गुमानभाऊ खोटे आणि नाना फोटोसाठी धावणारे. मी पुष्कळ वेळा दोन्ही बाजू मांडून बघितल्या, आणि दर वेळी असं दिसतं की या मांडण्यात माझे दिवस मात्र बरे चाललेत. अक्का अजूनही मला आधी वाढतात.

नाना, तुमच्याकडून मी घर घेतलं, काम घेतलं आणि तुमचं नावही वापरलं. घर आणि काम फेडता येणार नाही. नाव तेवढं मी एक दिवस फेडीन. आधी तुम्हाला सांगीन, मग गुमानभाऊंच्या अंगणात, त्यांच्या मुलीसमोर उभं राहून, की मी केळीच्या बागेपुढे गेलोच नव्हतो.